दोन 'पर्यंत' आणि सहा खिडक्या

रविवार, 25 ऑगस्ट 2024. पाऊस सकाळपासून धरून होता. दिवेलागणीला माझा एक जुना विद्यार्थी दारात उभा राहिला. रेनकोट काढून त्याने सोप्यावरच्या खुंटीला अडकवला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल माझ्या हातात दिला. "टीचर, तुम्ही वाचा आणि सांगा माझं चुकलं कुठं. मॅडमनी काम काढून घेतलं."

तो डिचोली तालुक्यातला सुतार. आमच्याकडे सुताराला मेस्त म्हणतात, इथेही मी त्याला मेस्तच म्हणेन. त्याचं नाव आणि त्या मॅडमचं नाव मुद्दाम देत नाही. प्रकरण लिहायला दोघांची हरकत नाही. मेस्त चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकला, पाचवीपासून इंग्रजी माध्यमात गेला. गोव्यातल्या हजारो मुलांचा हाच रस्ता असतो. आठवी ते दहावी त्याला इंग्रजी मीच शिकवलं. दहावीनंतर वडिलांच्या शेडमध्ये त्याने रंधा हातात घेतला तो आजतागायत. जुन्या घरांची कामं करणारा असा हात आता तालुक्यात फारसा उरलेला नाही.

काम होतं म्हापशाजवळच्या एका जुन्या घराचं. घर घेणाऱ्या मॅडम गोव्याबाहेरच्या. त्यांना मराठी येत नाही, कोंकणी येत नाही, हिंदी जेमतेम. त्यामुळे सगळा व्यवहार मोबाइलवर, इंग्रजीतून. घराला सहा शिंपल्यांच्या खिडक्या होत्या. ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते: काचेच्या जागी शिंपल्यांचे पातळ, दुधी, चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवून बसवलेले असतात. उजेड आत येतो, ऊन येत नाही. चौकटी कुजलेल्या होत्या, शिंपले मात्र शाबूत. मेस्ताने नव्या चौकटी आणि झडपा करायच्या आणि जुन्या झडपांतले शिंपले काढून नव्यात बसवायचे, असं ठरलं. असा शिंपला फुटला तर बाजारात दुसरा मिळत नाही. चिखलीच्या खाडीत तो अजून सापडतो, पण वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत असल्यामुळे काढता येत नाही. म्हणून मॅडमचा जीव त्या जुन्या झडपांत अडकलेला होता आणि ते बरोबरच होतं.

आता संदेश. मी ते दोघांच्याच शब्दांत, देवनागरीत उतरवते.

12 ऑगस्टला मॅडमनी लिहिलं: "प्लीज फिनिश ऑल सिक्स विंडोज बाय 30 ऑगस्ट."

मेस्ताचं उत्तर: "यस मॅडम. आय विल डू द वर्क अन्टिल 30 ऑगस्ट."

मॅडमनी विचारलं: "अँड आफ्टर दॅट?"

मेस्त: "आफ्टर दॅट चवथ. नो वर्क."

त्या वर्षी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, 7 सप्टेंबरला होती. चवथीच्या आधीचा आठवडा आमच्याकडे कोणी कामाचा धरत नाही. घर सारवायचं, रंगवायचं, गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचं सामान जमवायचं, परगावची माणसं घरी यायची. मेस्ताला सांगायचं होतं: तीस तारखेपर्यंत खिडक्या पूर्ण करतो, मग चवथीला सुटी. मॅडमनी वाचलं ते असं: तीस तारखेपर्यंत काम करत राहीन, नंतर जे उरेल ते उरेल, मी चवथीला जाणार. त्यांनी उलट काही विचारलं नाही. माझ्या मते प्रकरण तिथेच बिघडायला लागलं, फक्त ते दोघांनाही कळलं नाही.

मग मंगळवारी, 20 तारखेला, दुसरा संदेश आला: "प्लीज कीप द ओल्ड शटर्स सेफली टिल सॅटर्डे."

मेस्त: "ओके मॅडम. विल कीप."

शुक्रवारी त्याने पिकअप बोलावला, चार जुन्या झडपा गोणपाटात गुंडाळून भर पावसात म्हापशाच्या बाजूला नेल्या आणि मॅडमच्या घराच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, भिंतीला टेकवून, वर ताडपत्री घालून ठेवल्या. (दोन खिडक्यांचे शिंपले त्याने आधीच नव्या झडपांत चढवले होते.) मॅडम घरी नव्हत्या, राखणदार होता. शनिवारी मॅडमच्या ओळखीचं कोणीतरी त्या झडपांची चित्रं काढायला मेस्ताच्या शेडमध्ये पोचलं. तिथे झडपा नाहीत. रात्री संदेश आला: तुम्ही सगळं परत केलेलं दिसतंय, मी दुसऱ्या कोणाकडून करून घेते.

"परत कुठं केलं, टीचर? त्यांनीच सांगितलं ना, शनिवारपर्यंत झडपा नीट ठेवा म्हणून. मी शुक्रवारीच ठेवल्या. एक दिवस आधी."

हे ऐकून मी गप्प झाले. कारण मराठीत त्याचं वाक्य शंभर टक्के बरोबर होतं.

'ठेवा' म्हणजे काय

"शनिवारपर्यंत झडपा नीट ठेवा." हे वाक्य दोनदा वाचा. एकदा असं वाचा की झडपा तुमच्याकडे आहेत, त्या शनिवार उजाडेपर्यंत तिथेच राहू द्या. मग असं वाचा की झडपा कुठेतरी नेऊन ठेवायच्या आहेत आणि ते काम शनिवारच्या आत उरका. दोन्ही अर्थ त्यात बसतात. मराठीतलं 'ठेवणे' दोन कामं करतं. हातातली वस्तू खाली टेकवणं हे क्षणाचं काम. ती वस्तू तिथेच राहू देणं हे चालू राहणारं काम. इंग्रजीत पहिल्यासाठी 'पुट' आहे, दुसऱ्यासाठी 'कीप'. आपण मात्र दोन्हीकडे 'कीप' म्हणतो. "प्लेट टेबलवर कीप कर" हे तर घराघरांत ऐकू येतं. मेस्तानेही तसंच वाचलं.

त्यात भर अशी की आठवडाभर आधी त्यानेच मॅडमना सांगितलं होतं, शेडचं छप्पर एका जागी गळतंय. तेव्हा 'सेफली' म्हणजे गळणाऱ्या शेडमध्ये नव्हे, मॅडमच्या घरी, असा त्याने धरलेला अर्थ उगाचचा नव्हता. उरलेले शिंपले तिथेच बसून नव्या झडपांत चढवू, असा त्याचा हिशेब होता.

पण मॅडमच्या वाक्यात एक शब्द असा होता की तो नीट ओळखला असता तर 'कीप'चा घोळ जागच्या जागी सुटला असता. तो शब्द 'टिल'. 'पुट' या अर्थाच्या कामाला 'टिल' लागतच नाही. झडपा नेऊन ठेवायच्या असत्या तर मॅडमनी 'बाय सॅटर्डे' लिहिलं असतं. मेस्ताला 'टिल' दिसला, त्याच्या मनात 'पर्यंत' उमटलं, आणि पर्यंतने त्याला दोन्ही दारं उघडी ठेवली.

पर्यंत कुठवर पोचतो

पर्यंत हा संस्कृतातून आलेला शब्द: परि अधिक अंत. चहूकडची सीमा. तो फक्त हद्द दाखवतो. हद्दीच्या आत काय घडतं, काम सतत चालू राहतं की हद्दीच्या अलीकडे कधीतरी एकदा उरकतं, हे पर्यंत सांगत नाही. ते काम मराठीत क्रियापद करतं.

"पाच वाजेपर्यंत थांब." थांबणं चालू राहणारं, म्हणून पाच वाजले की सुटका.

"पाच वाजेपर्यंत ये." येणं एकदाच घडणारं. चारला आलास तरी चालेल, साडेचारला चालेल, सव्वापाचला नाही.

कोणत्याही मराठी माणसाचा यात कधी गोंधळ होत नाही, कारण थांबणं आणि येणं यांतला फरक आपल्याला जन्मापासून माहीत आहे. इंग्रजीने हाच फरक क्रियापदावर न सोडता शब्दयोगी शब्दावर टाकला. पहिल्या वाक्याला 'टिल' किंवा 'अन्टिल', दुसऱ्याला 'बाय'. इंग्रजी बोलणारा माणूस हे दोन शब्द ऐकून कामाचं स्वरूप ओळखतो, आणि शब्द चुकला की त्याला कामच वेगळं दिसतं. "आय विल डू द वर्क अन्टिल 30 ऑगस्ट" यात मॅडमना काम पूर्ण होण्याचं वचन कुठेच दिसलं नाही. दिसलं ते काम थांबण्याचं वेळापत्रक.

ही काही मराठीची उणीव नव्हे. कोंकणीतलं 'मेरेन' अगदी हेच करतं, हिंदीतलं 'तक' हेच करतं. पोर्तुगीजमधलं 'अते'सुद्धा दोन्ही कामं एकटंच करतं. आमच्या शेजारी 1961 च्या आधी पोर्तुगीज शाळेत शिकलेले एक आजोबा होते. त्यांच्या इंग्रजी पत्रांत 'आय विल सेंड द पेपर्स अन्टिल मंडे' असं असायचं, तेव्हा मला वाटायचं त्यांचं इंग्रजी कच्चं आहे. आता कळतं, ते 'अते' लिहीत होते. म्हणजे गोव्यातल्या माणसाच्या तोंडी असलेल्या भाषांपैकी एकट्या इंग्रजीतच हे दोन वेगळे शब्द आहेत. मग ही चूक गोव्यात पिढ्यान् पिढ्या का होते याचं नवल वाटायला नको.

मला खरी टोचणी वेगळीच लागली. मेस्ताला 'बाय 30 ऑगस्ट' हे वाचून नीट समजलं होतं. तीस तारखेच्या आत, हे त्याच्या मनात पक्कं होतं. पण स्वतः लिहायची वेळ आली तेव्हा त्याचा हात 'बाय'कडे गेलाच नाही. का? मी माझी जुनी टिपणवही काढली, आठवीच्या वर्गासाठी केलेली. त्यात 'अन्टिल' समोर 'पर्यंत' लिहिलं होतं. 'बाय' समोर लिहिलं होतं: ने, कडून, जवळ. बसने गेलो, सुताराकडून खिडकी बनवली गेली, खिडकीजवळ बसला. कर्मणी प्रयोग शिकवताना आम्ही 'बाय' इतका घोटून घेतो की मुलांच्या डोक्यात तो 'कडून'लाच चिकटून बसतो. वेळेचा 'बाय' त्या यादीत नव्हता. मराठीत विचार करून 'पर्यंत'पाशी आलेल्या मुलाला माझ्या वहीतून इंग्रजीत जायला एकच पूल होता, तो 'अन्टिल'चा. मेस्त त्याच पुलावरून गेला. ही चूक त्याची कमी, माझी जास्त, आणि हे मी त्याला त्याच संध्याकाळी सांगितलं.

त्या संध्याकाळी काय केलं

मेस्ताने आणखी एक संदेश लिहून तयार ठेवला होता, पाठवला नव्हता. "मॅडम, अन्टिल यू डोन्ट पे बॅलन्स, आय विल नॉट गिव्ह टू विंडोज." देवाची कृपा की तो आधी माझ्याकडे आला.

या वाक्यात मराठीची आणखी एक सवय इंग्रजीत घुसली आहे. आपण म्हणतो, "जोपर्यंत तुम्ही पैसे देत नाही तोपर्यंत मी खिडक्या देणार नाही." जोपर्यंतच्या भागात आपण 'नाही' घालतो. इंग्रजी 'अन्टिल'मध्ये ते 'नाही' आधीच मुरलेलं असतं. "अन्टिल यू पे" एवढंच पुरतं. वर पुन्हा 'डोन्ट' घातलं की वाक्याची शिवण उसवते. त्याच जातीची दुसरी चूक मुलं हमखास करतात: 'अन्टिल ही विल कम'. "तो येईपर्यंत" मध्ये 'येई' ऐकू आलं की मुलाला भविष्यकाळ दिसतो. इंग्रजीत तिथे साधा वर्तमानकाळ लागतो, 'अन्टिल ही कम्स'.

संदेश खोडायला लावला, व्याकरणासाठी नव्हे. त्या क्षणी पैशांची भाषा काढणं म्हणजे भांडणच. मग चहा केला आणि आम्ही दोघं बसलो. मी त्याला व्याख्या सांगितल्या नाहीत. त्याच्याच कामातली वाक्यं मराठीत म्हणायला लावली आणि प्रत्येक वाक्यात 'पर्यंत' काढून 'च्या आत' घालायला सांगितलं.

"तीस तारखेपर्यंत खिडक्या होतील."

"तीस तारखेच्या आत खिडक्या होतील. जमलं, टीचर."

"सहा वाजेपर्यंत शेड उघडी असते."

"सहाच्या आत शेड उघडी असते..." तो थांबला. "नाही, हे लागत नाही."

"मग तिथे 'टिल'. जिथे 'च्या आत' लागतं तिथे 'बाय'."

"शनिवारपर्यंत झडपा ठेवा," तो स्वतःच म्हणाला. मग बराच वेळ बोलला नाही. "हे दोन्हीकडं लागतंय."

"म्हणून तर तू इथे आलास."

नंतर त्याने विचारलं ते मला फार आवडलं. फेव्हिकॉल आणि पॉलिशच्या डब्यांवर 'अन्टिल ड्राय' असतं ते कसं? पहिला हात सुकेपर्यंत दुसरा हात मारू नका. मारणं तर एकदाच घडणारं काम, मग 'अन्टिल' का? प्रश्न अगदी नेमका होता. मारणं क्षणाचं, पण न मारणं चालू राहतं. नकार आला की कोणतंही काम थांबण्यासारखं लांबट होतं. सुकेपर्यंत काय चालू राहायचं? हात न लावणं. म्हणून नकारात 'अन्टिल' बिनधास्त येतो. पण तिथेही एक वळण आहे. "खिडक्या तीस तारखेपर्यंत झाल्या नाहीत" हे मराठीत म्हटलं की दोन गोष्टी निघू शकतात: तीस उजाडली तरी झाल्या नव्हत्या, पुढचं माहीत नाही, किंवा झाल्या, पण तीसला. बोलताना आपण 'झाल्याच नाहीत', 'झाल्या नव्हत्या' असा सूर लावून फरक करतो. इंग्रजी शब्द बदलते: पहिल्याला 'हॅडन्ट फिनिश्ड देम बाय', दुसऱ्याला 'डिडन्ट फिनिश देम अन्टिल'. दुसऱ्या वाक्यात खिडक्या झालेल्या असतात. मेस्ताने हे दोनदा म्हणून पाहिलं आणि मान हलवली.

मग तो आपलं सुताराचं बोलला: "म्हणजे टिल ही पट्टी आणि बाय ही खूण." पट्टी इथून तिथवर सलग असते, खूण एका जागी. मी एवढंच जोडलं की 'बाय'मध्ये काम खुणेवरच व्हायला हवं असं नाही, खुणेच्या अलीकडे कुठेही झालं तरी चालतं. पलीकडे गेलं की चुकलं. ही उपमा मी आता वर्गात वापरते आणि ती कोणाची ते मुलांना सांगते.

रात्री आठला संदेश गेला. अक्षर न् अक्षर त्याने स्वतः टाइप केलं, मी फक्त शेजारी बसले. "मॅडम, ऑल सिक्स विंडोज विल बी रेडी बाय 30 ऑगस्ट. आय मिसअंडरस्टुड युवर मेसेज. आय थॉट यू वॉन्टेड द शटर्स पुट इन युवर हाउस बाय सॅटर्डे. आय वॉज नॉट लीव्हिंग द वर्क." माफी कशाबद्दल आहे ते स्पष्ट, काय समजलं होतं ते स्पष्ट, आणि 'बाय' दोनदा, दोन्हीकडे योग्य जागी.

मॅडमचा फोन दुसऱ्या दिवशी आला, गोकुळाष्टमीच्या सकाळी. त्या बऱ्याच वेळ हसल्या असं मेस्त म्हणाला, मग गंभीर झाल्या, कारण रविवारी सकाळीच त्यांनी दोन झडपा दुसऱ्या सुताराला देऊन टाकल्या होत्या. त्या परत मागणं त्यांना बरं वाटेना. मेस्ताने चार खिडक्या 29 तारखेला बसवल्या. दोन खिडक्यांची मजुरी गेली, पिकअपचं भाडं गेलं. चार दिवस ताडपत्रीखाली दमट हवेत राहून जुन्या झडपांच्या पट्ट्या फुगल्या होत्या. त्यांतून शिंपले सोडवताना एका शिंपल्याचा कोपरा उडाला. तो शिंपला त्याने खिडकीच्या अगदी खालच्या ओळीत, चौकटीच्या आड जाईल असा बसवला.

वर्गात

चवथीनंतर मी नववीच्या वर्गाला वीस मराठी वाक्यं दिली, प्रत्येकात एक 'पर्यंत'. शिगमा संपेपर्यंत, फेरी सुटेपर्यंत, एक तारखेपर्यंत फी भरा, मी पोचेपर्यंत बस गेली होती. जवळजवळ सगळ्यांनी जवळजवळ सगळीकडे 'टिल' लिहिलं. ज्या दोघींनी 'बाय' वापरला त्यांनी 'बाय आय रीच्ड, द बस हॅड गॉन' असं लिहिलं. कल्पना बरोबर, बांधणी चुकली. 'टिल' आणि 'अन्टिल' यांच्यामागे नामही येतं आणि अख्खं वाक्यही येतं: टिल फ्रायडे, टिल ही कम्स. 'बाय'ला वाक्य जोडता येत नाही, त्याला मध्ये 'द टाइम' हा टेकू लागतो: 'बाय द टाइम आय रीच्ड, द बस हॅड गॉन'. मराठीत 'मी पोचेपर्यंत' हे एकच रूप 'बस थांबली' आणि 'बस गेली होती' या दोन्हींना चालतं. आमच्या मुलांना तो टेकू आपोआप सुचणं शक्य नाही, तो शिकवावाच लागतो. आणि 'बाय द टाइम'नंतर 'हॅड गॉन' किंवा 'विल हॅव गॉन' अशी झालेल्या कामाची रूपं का येतात हेही मग मुलांना आपोआप कळतं, कारण खुणेपाशी उभं राहून मागे पाहिलं तर काम झालेलंच दिसणार. मराठीतही आपण 'गेली होती', 'झालेलं असेल' असंच म्हणतो. इथे दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात, आणि हे मुलांना दाखवायला मला फार आनंद होतो.

एका मुलाने विचारलं, 'टिल' हा 'अन्टिल'चा शॉर्टकट आहे का. नाही. 'टिल' हाच जुना शब्द आहे, 'अन्टिल' नंतर त्याला जोड लागून तयार झाला. म्हणून स्पेलिंगमध्ये 'टिल'ला शेवटी दोन एल आणि 'अन्टिल'ला एकच, हे उलटं वाटणारं गणित पाठ करून टाकायचं. अर्थ एकच. वाक्याच्या सुरुवातीला आणि अर्जात 'अन्टिल' शोभतो, बोलताना 'टिल'.

माझ्या टिपणवहीत आता 'बाय' समोर चौथा अर्थ आहे, आणि 'पर्यंत' या शब्दाला स्वतःचं पान आहे. पानावर डावीकडे क्रियापदं: थांबणे, राहणे, वाट पाहणे, झोपणे, चालू असणे. उजवीकडे: येणे, पोचणे, संपवणे, भरणे, परत करणे. मध्ये एकटं 'ठेवणे', त्याच्याभोवती गोल. अनोळखी माणसाला इंग्रजीत तारीख लिहायची आणि मनात शंका आहे, तर 'ऑन ऑर बिफोर' लिहा असंही मी सांगते. सरकारी कचेऱ्या ते वापरतात, त्यात गोंधळाला जागा नसते, आणि सुताराने लिहिलं तरी कोणी हसत नाही.

चवथीच्या दोन दिवस आधी मेस्ताचा पुन्हा फोन आला. शेडच्या दारावर पाटी लावायची होती. त्याचा गणपती पाच दिवसांचा, 11 तारखेला विसर्जन, 12 ला काम सुरू. त्याने लिहिलं होतं: 'शॉप क्लोज्ड अन्टिल 12 सप्टेंबर'.

"टीचर, इथं अन्टिल बरोबर आहे ना? बंद राहणं चालू राहणारं."

"अन्टिल बरोबर आहे."

"मग 12 ला गिऱ्हाईक येईल की 13 ला?"

मला क्षणभर उत्तर देता येईना. 'चौथीपर्यंत मराठी शाळा' म्हटलं की चौथी आत धरलेली असते. इंग्रजीत 'बाय 12' म्हटलं की 12 आत असते, यात वाद नाही. पण 'अन्टिल 12'मध्ये 12 तारीख आत की बाहेर, यावर इंग्रजी घरात जन्मलेली माणसंही अडखळतात. अमेरिकेत त्यासाठी 'थ्रू' हा वेगळा शब्द वापरतात. मी त्याला सांगितलं, तू तो शब्दच काढून टाक.

पाटीवर शेवटी 'रीओपन्स ऑन 12 सप्टेंबर' असं लागलं, आणि खाली खडूने मराठीत: 12 तारखेला सकाळी आठ वाजता उघडणार.